पूल सरकारी, फेरा आमचा

अंधेरीचा गोखले पूल धोकादायक ठरून ७ नोव्हेंबर २०२२ रोजी बंद झाला. एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ ला खुली झाली, पूर्ण पूल ११ मे २०२५ ला. गर्डर अंबाल्याहून तुकड्यातुकड्यांनी आले.

नवा पूल महापालिकेच्या पैशाने झाला. पण अडीच वर्षे भिवंडीचा माल अंधेरी पश्चिमेला नेताना आम्हाला विलेपार्ले किंवा जोगेश्वरीचा फेरा पडला. ते डिझेल, ती टेम्पोची खोटी कोणत्या अंदाजपत्रकात होती? ती आमच्याच गल्ल्यातून गेली.

पूल हवेतच. मात्र पुढच्या वेळी गर्डर आधी तयार व्हावेत, मग जुना पूल पाडावा. व्यापारी बांधवांनो, जादा भाड्याच्या पावत्या जपा आणि संघटनेमार्फत वॉर्ड कार्यालयात एकत्र अर्ज द्या. तोंडी तक्रारीला वजन नसते.