पाळकाच्या हाती आलेला निर्णय

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या कोपरगावात एका निवृत्त ख्रिस्ती गुरुजींनी मला विचारलं, "काय शेखभाई, मेथॉडिस्ट चर्चनं म्हणे दोन पुरुषांची, दोन बायकांची लग्नं लावायला परवानगी दिली. आता नगरकडंही तेच का?" मी मुसलमान, त्यात कवी. तरी मला विचारलं, कारण मी वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचतो, हे गावाला ठाऊक आहे.

तर आधी नगरचं सांगतो. आपल्या जिल्ह्यातली बरीच जुनी चर्चं अमेरिकन मराठी मिशनची. रेव्हरंड टिळकांचं नाव ज्या मिशनशी जोडलेलं आहे, ते. ही मंडळी 1970 साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाली. मेथॉडिस्ट पंथ निराळा. इंग्लंडात अठराव्या शतकात जॉन वेस्लींनी चालवलेल्या चळवळीतून तो निघाला आणि 1870 नंतर मुंबईत रुजला. मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया 1981 पासून स्वायत्त आहे. अमेरिकेतला ठराव त्याला बांधील धरत नाही.

पण धर्मातली गोष्ट मतदानानं ठरते कशी? मेथॉडिस्ट लोक बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन एवढे दोनच संस्कार मानतात. लग्न पवित्र खरं, पण त्या दोहोंत नाही. (आमचा निकाहसुद्धा मुळात करारच.) अमेरिकेतल्या युनायटेड मेथॉडिस्ट चर्चचे नियम सर्वसाधारण परिषद करते. तिच्यात निम्मे पाळक, निम्मे साधे सभासद.

याच परिषदेनं 1996 मध्ये पाळकांना अशी लग्नं लावायला मनाई केली होती. पेनसिल्वेनियाचे पाळक फ्रँक शेफर यांनी 2007 साली एका पुरुषाशी होणारं आपल्या मुलाचं लग्न स्वतः लावलं. 2013 मध्ये त्यांच्यावर चर्चमध्येच खटला चालला आणि पाळकपद गेलं. ते 2014 मध्ये परत मिळालं. पोराच्या लग्नात बापानं प्रार्थना म्हणावी की नियम सांभाळावा, असा तो पेच होता. 2019 साली 438 विरुद्ध 384 मतांनी मनाई आणखी कडक झाली. तरीही भांडण मिटलं नाही. ती बंदी नीट पाळली जात नाही, अशी तक्रार करत 2023 अखेरपर्यंत अमेरिकेतल्या साडेसात हजारांहून अधिक मंडळ्या, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा, बाहेर पडल्या.

2024 साली शार्लट शहरात परिषदेनं बंदी उठवली. लग्नाची नवी व्याख्या केली: सज्ञान पुरुष आणि स्त्री, किंवा दोन सज्ञान व्यक्ती. मला या ठरावात तो 'किंवा' सगळ्यात मोलाचा वाटतो. त्यानं कुणाला घराबाहेर काढलं नाही. लग्न लावलं म्हणून पाळकाला शिक्षा नाही आणि नाकारलं म्हणूनही नाही. तरी हा 'किंवा' स्वस्तात पडला नाही. त्याच मे महिन्यात आयव्हरी कोस्टचं दहा लाखांहून अधिक सभासदांचं चर्च वेगळं झालं.

ब्रिटनच्या मेथॉडिस्टांनी 2021 मध्येच 254 विरुद्ध 46 मतांनी वाट मोकळी केली होती. तिथं चर्चच्या इमारतीत असं लग्न लावायचं तर त्या त्या चर्चच्या विश्वस्तांनी आधी सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. पाळकाचा निर्णय त्याहून वेगळा. म्हणजे पाळक तयार आणि विश्वस्त नाखूश, किंवा उलटंही घडू शकतं. ठराव सभागृहात झाला, पण खरी अवघड बैठक गावोगावच्या चर्चमध्ये.

आपल्याकडं हा निर्णय पाळकापर्यंत पोचतच नाही. ख्रिस्ती लग्नं 1872 च्या कायद्यानं लागतात आणि त्यात पुरुष व स्त्री धरलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. मात्र 17 ऑक्टोबर 2023 रोजी समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि ते काम संसदेचं म्हटलं. फेरविचाराचे अर्जही जानेवारी 2025 मध्ये फेटाळले गेले. एखाद्या जोडप्यानं लग्न न मागता पाळकाकडं नुसती प्रार्थना मागितली, तर कायदा आड येत नाही. तिथं प्रश्न त्या पाळकाचा आणि त्याच्या मंडळीचा.