केरळ शिक्षण विधेयकाचें अकरावें कलम : अल्पसंख्यांच्या शाळा, शिक्षकांची नेमणूक व राखीव जागा

अल्पसंख्य समाजांनीं चालविलेल्या शाळांत शिक्षक नेमतांना सरकारचें राखीव जागांचें धोरण लागू करावें कीं नाहीं, हा वाद आपल्या देशांत वारंवार उपस्थित होतो. त्यांत केरळचें उदाहरण पुष्कळदां पुढें येतें, व तें देतांना असें गृहीत धरलेलें असतें कीं, १९५७ सालीं तेथील सरकारनें अनुदानित शाळांत राखीव जागा आणूं पाहिल्या आणि सर्वोच्च न्यायालयानें राज्यघटनेच्या ३० व्या अनुच्छेदाच्या आधारें तो प्रयत्न मोडून काढला. मूळ विधेयक, न्यायालयाचें मत व पुढील दुरुस्ती हे तीन कागद शेजारीं ठेवून वाचले असतां ही समजूत टिकत नाहीं. न्यायालयानें तें कलम रद्द ठरविलेलें नाहीं. तें कायद्यांतून काढलें विधिमंडळानें. हा भेद कसा पडला व त्याचा परिणाम काय झाला, तें येथें दाखवावयाचें आहे.

सरकारी मदत घेणारी खासगी शाळा हा प्रकार १८५४ च्या वुडच्या खलित्यानें रूढ झाला. लोकांनीं शाळा काढावी, सरकारनें तपासणी करून ग्रँट द्यावी, असा तो व्यवहार. त्रावणकोर व कोचीन संस्थानांत मिशनऱ्यांनीं व सीरियन ख्रिस्त्यांनीं या पद्धतीचा मोठा लाभ घेतला. पुढें नायर, ईळव व मुसलमान समाजांच्या संस्थाहि त्याच वाटेनें गेल्या. शाळेवरील ताबा हा तेव्हांपासून नाजूक विषय होता. सर सी. पी. रामस्वामी अय्यर दिवाण असतां प्राथमिक शिक्षण सरकारकडे घेण्याचा बेत निघाला, त्यास चंगनाशेरीचे बिशप जेम्स काळाचेरी यांनीं १९४५ सालीं उघड पत्रक काढून विरोध केला होता.

राखीव जागांचा इतिहासहि तेथें तितकाच जुना आहे, आणि त्यांतील एक गोष्ट विसरूं नये. १९३२-३३ च्या निवर्तन चळवळींत ईळव, ख्रिस्ती व मुसलमान या तीन समाजांनीं एकत्र येऊन विधिमंडळांत व सरकारी नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणांत वांटा मागितला. त्यांतूनच १९३५-३६ मध्यें त्रावणकोरांत नोकरभरतीसाठीं स्वतंत्र अधिकारी नेमला गेला व जातवार पाळीनें नेमणुका होऊं लागल्या. म्हणजे सरकारी कचेरींत जातवार वांटा मागणाऱ्यांत ख्रिस्ती समाज पुढें होता, आणि पंचवीस वर्षांनीं तेंच तत्त्व आपल्या शाळेंत नको म्हणणाऱ्यांतहि तोच पुढें होता. यांत केवळ दुटप्पीपणा पाहणें प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाहीं. कचेरी सर्वांची असते. शाळा ज्यानें काढली त्याची, ही त्या समाजाची प्रामाणिक धारणा होती. अडचण इतकीच कीं, शिक्षकाचा पगार मात्र सर्वांच्या तिजोरींतून येत होता.

१९५७ च्या एप्रिलांत ई. एम. एस. नंबुद्रीपाद यांचें मंत्रिमंडळ अधिकारावर आलें. शिक्षणमंत्री जोसेफ मुंडश्शेरी हे स्वतः जन्मानें कॅथलिक, व त्रिचूरच्या सेंट थॉमस कॉलेजांत अनेक वर्षें अध्यापक होते. खासगी संस्थांतील कारभार त्यांनीं आंतून पाहिला होता. पुऱ्या पगारावर सही करावयाची व हातीं कमी रक्कम घ्यावयाची, नेमणुकीसाठीं चालकाची मर्जी राखावयाची, ही शिक्षकांची त्या काळची मोठी तक्रार होती. विधिमंडळानें २ सप्टेंबर १९५७ रोजीं संमत केलेल्या विधेयकाचा रोख तिच्यावरच होता. ९ व्या कलमानें पगार सरकारनें थेट शिक्षकास द्यावयाचा. १२ व्या कलमानें अधिकाऱ्याच्या पूर्वसंमतीवांचून शिक्षकास काढावयाचें नाहीं. आणि ११ व्या कलमानें, सरकारी व अनुदानित या दोन्ही प्रकारच्या शाळांकरितां उमेदवारांची निवड लोकसेवा आयोगानें करावयाची, व चालकानें त्या यादींतूनच शिक्षक घ्यावयाचा.

वादाचें खरें मूळ याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमांत आहे. उमेदवार निवडतांना घटनेच्या १६ व्या अनुच्छेदाच्या चौथ्या खंडाखालीं सरकारनें केलेल्या तरतुदी आयोगानें लक्षांत घ्याव्या, असें त्यांत म्हटलें होतें. हा चौथा खंड मागासलेल्या वर्गांसाठीं नेमणुका राखून ठेवण्याची मुभा देतो. पण ती राज्याच्या सेवेंतील जागांपुरती. अनुदानित शाळेचा शिक्षक हा सरकारी नोकर नव्हे. तेव्हां घटनेनें जें तत्त्व सरकारी नोकरीपुरतें सांगितलें, तें या विधेयकानें पगाराच्या दोरीनें ओढून खासगी शाळेच्या दारांत आणून ठेवलें.

राष्ट्रपतींनीं विधेयकास संमति न देतां सर्वोच्च न्यायालयाचा सल्ला मागितला. सरन्यायाधीश सुधिरंजन दास यांनीं बहुमताच्या वतीनें २२ मे १९५८ रोजीं मत दिलें, न्या. वेंकटराम अय्यर यांचें मत कांहीं अंशीं भिन्न होतें. धर्मावर वा भाषेवर आधारलेल्या अल्पसंख्यांस आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा व चालविण्याचा हक्क ३० वा अनुच्छेद देतो, आणि मदतीच्या अटी इतक्या जाचक करतां येणार नाहींत कीं मदतीच्या मोबदल्यांत हा हक्कच सोडावा लागेल, हें न्यायालयानें निक्षून सांगितलें. मात्र कारभार करण्याच्या हक्कांत गैरकारभाराचा हक्क येत नाहीं, हेंहि त्याच मतांत आहे. शाळा ताब्यांत घेण्याचीं १४ वें व १५ वें हीं कलमें अल्पसंख्यांच्या बाबतींत घटनाविरुद्ध ठरलीं. ९, ११(२) व १२(४) यांविषयीं मात्र भाषा निराळी आहे. त्यांनीं कारभाराच्या हक्कावर गंभीर आक्रमण होतें व हक्कभंगाची सीमा अगदीं जवळ येते, हें मान्य करूनहि न्यायालयानें तीं राहूं दिलीं. तीं सर्व शाळांस सारखींच लागू आहेत व अल्प वेतनाच्या शिक्षकांच्या आणि मागासलेल्या वर्गांच्या संरक्षणासाठीं आहेत, हीं त्याचीं कारणें. आणि तूर्त आम्हांस असें वाटतें, अशा सावध शब्दांनीं तो निर्णय बांधलेला आहे. मत नाखुषीचें असेल, पण राखीव जागांचें कलम त्यांतून सहीसलामत बाहेर पडलें, यांत शंका नाहीं.

पुढें विधेयक सुधारून पुन्हां संमत झालें व १ जून १९५९ रोजीं कायदा अमलांत आला. त्याच सुमारास विमोचन आंदोलन पेटलें. त्यांत कॅथलिक चर्च होतें, मुस्लिम लीग होती, आणि मन्नत् पद्मनाभन् यांची नायर सर्व्हिस सोसायटीहि होती, जी अल्पसंख्य संस्था नव्हे. ३१ जुलै १९५९ रोजीं मंत्रिमंडळ बडतर्फ झालें. १९६० च्या निवडणुकीनंतर पट्टम् ताणु पिळ्ळै यांचें संयुक्त मंत्रिमंडळ आलें व त्याच वर्षीं ११ वें कलम बदलण्यांत आलें. नव्या कलमाप्रमाणें, विहित पात्रता असलेल्या व्यक्तींमधून शिक्षक नेमण्याचा अधिकार अनुदानित शाळेच्या मॅनेजराकडे गेला. लोकसेवा आयोग गेला, व त्याच्यासह १६(४) चा उल्लेखहि गेला.

या दुरुस्तीनें अल्पसंख्यांची शाळा व इतरांची शाळा असा भेद केला नाहीं, ही बाब अत्यंत महत्त्वाची आहे. घटनेचें संरक्षण फक्त अल्पसंख्यांस होतें; सवलत मिळाली सर्वच चालकांस. सरकारी तिजोरींतून पगार मिळणाऱ्या हजारों जागा अशा रीतीनें राखीव जागांच्या बाहेर राहिल्या. ज्यांच्या समाजाकडे स्वतःच्या शाळा नव्हत्या त्या अनुसूचित जातींच्या व जमातींच्या उमेदवारांस त्याची झळ सर्वांत अधिक लागली. हें नुकसान ३० व्या अनुच्छेदाच्या खातीं मांडणें हा इतिहासाचा विपर्यास होय.

न्यायालयाचा कल मात्र पुढें पालटत गेला. १९७४ च्या अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यांत नऊ न्यायाधीशांपुढें गुजराथ विद्यापीठाच्या कायद्यांतील निवडसमित्यांचा प्रश्न होता. शिक्षक निवडण्याचा अधिकार हा कारभाराच्या हक्काचा गाभा मानून तीं कलमें अल्पसंख्य संस्थांस लागू नाहींत असें ठरलें. १९५८ चें मत केवळ सल्लारूप होतें, प्रत्यक्ष लढविलेल्या खटल्यांतील निर्णयांपुढें तें टिकणार नाहीं, असें न्या. खन्ना यांनीं तेथें लिहिलें. राखीव जागांचा प्रश्न पुढें दिल्लींत उघडपणें आला. १९७३ च्या दिल्ली शालेय शिक्षण नियमांतील ६४ व्या नियमाखालीं, अनुसूचित जाति-जमातींच्या राखीव जागा भरूं असें लिहून दिल्यावांचून ग्रँट मिळत नसे. सिंधी भाषिकांच्या एका संस्थेनें त्यास हरकत घेतली. उच्च न्यायालयांत एका न्यायाधीशानें ती मान्य केली, दोघांच्या पीठानें फेटाळली, व ८ जुलै २०१० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें संस्थेच्या बाजूनें निकाल दिला. ११(२) ला १९५८ सालीं मिळालेलें अभय बावन वर्षांनीं असें संपलें. तथापि हा प्रवाह एकाच दिशेस वाहिला असेंहि नाहीं. पश्चिम बंगालच्या अनुदानित मदरशांसाठीं शिक्षक निवडणारा आयोग ६ जानेवारी २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें वैध ठरविला. तेथील मुख्य वाद मात्र निवड कोणीं करावी, हा होता.

महाराष्ट्रानें घेतलेला मार्ग केरळच्या नेमका उलट आहे. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांविषयीं १९७७ चा कायदा व १९८१ चे नियम यांनीं खासगी शाळांच्या चालकांवर राखीव जागांचें बंधन घातलें. अल्पसंख्य शाळेपुरतें मात्र मुख्याध्यापक व चालकांनीं नांवानिशीं कळविलेल्या आणखी तिघांपर्यंत व्यक्ती यांची भरती कायद्याच्या बाहेर ठेवली. येथें अपवाद हा अपवाद म्हणून डोळ्यांस दिसतो. केरळांत अपवादच सर्वांचा नियम झाला.

भाषिक अल्पसंख्य म्हणजे कोण, हेंहि मराठी वाचकानें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. ८ डिसेंबर १९४८ रोजीं घटनासमितींत या तरतुदीच्या मसुद्यावर बोलतांना डॉ. आंबेडकरांनीं उदाहरण दिलें तें बंगालमध्यें जाऊन वसलेल्या महाराष्ट्रीयांचें : इतर अर्थानें ते अल्पसंख्य नसले तरी भाषा व संस्कृति यांच्या दृष्टीनें तेथें अल्पसंख्यच. बेळगांवांतील मराठी भाषिकांच्या शाळांस कर्नाटकांत याच अनुच्छेदाचा आश्रय आहे.

अलीकडे याच वादास एक नवी बाजू आली आहे. दिव्यांगांच्या हक्कांविषयींच्या २०१६ च्या केंद्रीय कायद्यानें सरकारी आस्थापनांत चार टक्के जागा राखल्या, आणि ‘सरकारी आस्थापना’ या शब्दाच्या व्याख्येंत सरकारची मदत घेणारी संस्थाहि घातली. त्यास अनुसरून केरळ सरकारनें २०१८ सालीं अनुदानित शाळांस हुकूम काढला, व १९६० सालीं ज्या दारांतून राखीव जागा बाहेर गेल्या होत्या त्याच दारानें त्या, निराळ्या वर्गासाठीं, पुन्हां आंत आल्या.