विश्लेषण : विमा कंपनीने धरलेली अपंगत्वाची टक्केवारी अंतिम असते का?

समजा, कामावर अपघात झाला. डॉक्टरांनी ४० टक्के अपंगत्वाचा दाखला दिला आणि विमा कंपनीने त्याच हिशेबाने भरपाई देऊ केली. मात्र दाखल्यावरची टक्केवारी शरीराची असते. कायदा पाहतो, कमाईची क्षमता किती गेली?

न्यायालय काय म्हणते?
ओडिशातील एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. हे अंशतः अपंगत्व आहे, असा मालकाचा युक्तिवाद होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून अपंगत्व १०० टक्के, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये ठरवले. २०१९ मध्ये विमा कंपनीविरुद्धच्या प्रकरणात जखमी वाहनचालकालाही हाच निकष लावला.

फरक किती?
पूर्ण कायम अपंगत्वात मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांना वयानुसारच्या गुणांकाने गुणतात. क्षमता ४० टक्केच गेली असे धरले, तर त्या रकमेच्या ४० टक्केच हाती येतात.

दाद कुठे मागायची?
ईएसआय लागू नसल्यास दोन वर्षांच्या आत कामगार नुकसानभरपाई प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा. त्यानंतर ६० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते, पण फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावर. त्यामुळे आधी कोणते काम करत होतो आणि आता काय जमत नाही, याचे पुरावे आणि डॉक्टरांची साक्ष पहिल्याच पायरीवर हवी.