नवरीचा विश्वास आणि वात्स्यायन

खडकीतून होळकर पुलावरून मुळा ओलांडली की डेक्कन कॉलेजची जुनी दगडी इमारत फार दूर नाही. १८९१ साली रा. गो. भांडारकर तिथे संस्कृतचे प्राध्यापक होते, आणि मुंबई सरकारने जमवलेली हस्तलिखितेही तिथेच होती. पुण्यात तेव्हा संमतिवयाच्या विधेयकावरून रण पेटले होते. संमतीचे वय दहावरून बारा करायचे, विवाहित मुलींसाठीसुद्धा, एवढीच मागणी. धर्मसंस्कारात सरकारने हात घालू नये, असे टिळकांचे म्हणणे. भांडारकरांनी शास्त्रातूनच उत्तर दिले: गृह्यसूत्रे लग्नानंतर तीन रात्री व्रतस्थ राहायला सांगतात आणि त्यानंतर समागमाची मुभा देतात, म्हणजे तेव्हाची वधू जाणतीच असणार. मार्चमध्ये कायदा झाला.

त्याच वर्षी पंडित दुर्गाप्रसादांनी संपादित केलेले वात्स्यायनाचे कामसूत्र छापून आले. त्यातही या तीन रात्री आहेत. आसनांचे पुस्तक म्हणून ते बदनाम झाले, पण सात अधिकरणांपैकी रतिक्रीडेला वाहिलेले एकच. मला सर्वांत मोलाचे वाटते ते तिसऱ्यातले, नववधूचा विश्वास मिळवण्याचे प्रकरण. दोघांनी जमिनीवर निजावे, अळणी जेवावे, ब्रह्मचर्य पाळावे. आधीचे आचार्य बाभ्रव्य यांचे अनुयायी म्हणत, नवरा तीन रात्री खांबासारखा गप्प राहिला तर मुलगी खट्टू होईल. वात्स्यायनाचा तोडगा असा की जवळीक करावी, विश्वास मिळवावा, व्रत मात्र मोडू नये. विडा पुढे करावा. तिने घेतला नाही तर आर्जवे करावीत, शपथा घालाव्यात, शेवटी पाया पडावे. काही ठाऊक नसल्यासारखे तिला विचारावे; ती आधी नुसती मान हलवील, तेवढ्यावर समाधान मानावे. बळजबरी केली तर ती धास्तावते आणि पुढे पुरुषजातीचाच द्वेष करू लागते, हे तो स्पष्ट बजावतो.

ग्रंथ पुरुषाच्या नजरेतून लिहिलेला आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. वधू बालिकाही असू शकते हे तो धरून चालतो, आणि झोपलेल्या मुलीला पळवून नेण्याची रीतही त्याच अधिकरणात येते. त्याचे सगळेच स्वीकारता येणार नाही.

तरी शृंगारातल्या हिंसेबद्दल तो गप्प बसत नाही. कुंतल शातकर्णी सातवाहनाच्या हातून राणी मलयवती रतिक्रीडेतल्या प्रहाराने मेली, हे तो नावानिशी नोंदवतो. दाक्षिणात्यांत चालणारे असले प्रहार त्याने क्लेशकारक आणि अनार्य ठरवले, त्यांना आपल्या शास्त्रात मान दिला नाही.