चपळ, पण अचूक

नवख्या माणसाच्या हाती सुकाणू दिले तर काय होते? जहाज डावीकडे ढळले की तो चक्र जोराने उजवीकडे फिरवतो. जहाज मार्गावर येते खरे, पण वळण्याच्या वेगात पलीकडे जाते. मग पुन्हा उलट ओढाताण! जहाज नागमोडी चालते आणि इंधन वाया जाते.

सर्व्हो यंत्रणेचे दुखणे हेच आहे. मिळालेली आज्ञा आणि प्रत्यक्ष स्थिती यांतील फरक मोजायचा व तो मिटेपर्यंत यंत्र फिरवायचे, हे तिचे काम. प्रतिसाद सौम्य असेल तर यंत्र रेंगाळते. फार तीव्र असेल तर हेलकावे खाते. हे हेलकावे केव्हा शमतील आणि केव्हा वाढतच जातील, याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये मांडले.

पुढे १९२२ मध्ये निकोलस मिनोर्स्की यांनी जहाजाच्या स्वयंचलित सुकाणूचा विचार करताना कुशल सुकाणूधाऱ्याची रीत ध्यानात घेतली. तो केवळ आजची चूक पाहत नाही. चूक किती वेगाने घटते आहे हे पाहून तो जहाज मार्गावर येण्यापूर्वीच सुकाणू उलट देतो. आणि वारा सतत एकाच बाजूने लोटत असेल, तर साचत गेलेल्या चुकीचाही हिशेब ठेवतो. ‘न्यू मेक्सिको’ या अमेरिकी युद्धनौकेवर ही पद्धत कसास लागली.

आजही कारखान्यांतील असंख्य यंत्रे हेच तीन हिशेब करतात. योग्य वेळी आवरते घेणारे यंत्रच मुक्कामी लवकर पोहोचते.