शनिवार पेठेतील शाळा आणि हिशेबाची वही

शनिवार पेठेत रमणबाग चौकाशी न्यू इंग्लिश स्कूलची इमारत उभी आहे. हाकेच्या अंतरावर केसरीवाडा आहे. आपल्या व्यापारी घरांतील कित्येक मुले या परिसरातील शाळांतून शिकून पुढे दुकानाच्या गादीवर बसली. शाळेचा निकाल, शिस्त, मैदान यांविषयी घरोघरी बोलले जाते. शाळा चालवणाऱ्यांना हिशेब कोण विचारतो, हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो. वस्तुतः हा प्रश्न या शाळेच्या जन्मापासून तिच्या सोबत आहे.

१८७९ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी रत्नागिरीच्या सरकारी शाळेतील नोकरी सोडली आणि १८८०च्या आरंभी पुण्यात टिळक व माधवराव नामजोशी यांच्यासह न्यू इंग्लिश स्कूल काढली. वामन शिवराम आपटे लवकरच येऊन मिळाले. ज्यांचा संस्कृत कोश आजही आपल्या पाठशाळांत उघडला जातो, तेच हे आपटे. पुढल्या वर्षी आगरकर आले. १८८२ साली चिपळूणकर अकाली गेले, आणि त्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. तरीही शाळेचे वर्ग चालूच राहिले.

चार-पाच माणसांच्या निष्ठेवर उभी असलेली संस्था ती माणसे गेल्यावर टिकावी कशी? २४ ऑक्टोबर १८८४ रोजी स्थापन झालेली डेक्कन एज्युकेशन सोसायटी हे त्याचे उत्तर होते. शिकवणारे आजीव सदस्य वीस वर्षांच्या सेवेचे वचन देत आणि अल्प वेतनावर काम करीत. गोपाळ कृष्ण गोखले त्यांपैकीच एक. त्यांच्यावर सोसायटीचे नियामक मंडळ असे, आणि त्यात सर विल्यम वेडरबर्न व न्या. रानडे यांच्यासारखी शाळेत न शिकवणारी माणसे असत. ही योजना मला फार शहाणपणाची वाटते. जो राबतो त्याच्याच हाती सारी वही राहू नये, हे आपल्या पेढ्यांनाही ठाऊक आहे.

कसोटी लवकरच आली. आजीव सदस्यांनी बाहेरची कामे करावीत काय, आणि त्यांतून मिळणारे उत्पन्न संस्थेचे की व्यक्तीचे? या वादात मित्र दुरावले आणि १८९० साली टिळकांनी राजीनामा दिला. कोणाची बाजू खरी, हा निवाडा येथे करीत नाही. पण वाद पैशाच्या मोहाचा नव्हता, नियमाच्या अर्थाचा होता.

सरकारचा पैसा आणि खासगी व्यवस्थापन यांची सांगड तर त्याहून जुनी. १८५४च्या वुडच्या खलित्याने अनुदानाची पद्धत आणली: शाळा चालवा तुम्ही, पैसा देऊ आम्ही, पण तपासणीस येईल. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९९१ साली ‘चार्टर’ शाळांचा कायदा केला, तो आपल्याकडील अनुदानित शाळेचा दूरचा भाऊच म्हणावा. तेथे ठरावीक मुदतीचा करार असतो आणि काम बरे नसेल तर तो नूतनीकरणाविना संपतो. आपल्याकडे मुदत नाही. देखरेख मात्र अनेक हातांत विभागलेली आहे. शिक्षण विभाग मान्यता व वेतन पाहतो. शिक्षकाला अन्यायाने काढले तर १९७७च्या कायद्यान्वये तो शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करू शकतो. विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, आणि दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ नुसार विश्वस्ताची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीविना विकता येत नाही. पेठांतील जमिनीचे भाव पाहता शाळेच्या मैदानाचे खरे कुंपण हेच कलम आहे.

आपल्या परंपरेला हे परके नाही. देवद्रव्य साधारण खात्यात वळवू नये, ज्या क्षेत्रासाठी दान आले त्याच क्षेत्रात ते वापरावे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. संघाच्या पेढीत खाती वेगळी ठेवण्यात आपण जितके काटेकोर असतो, तितके आपण चालवलेल्या शाळांत असतो काय?

हे विचारण्यास कारण आहे. जानेवारी २०१४ मध्ये जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शिक्षणहक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही असा निर्णय दिला. त्या कायद्यातील शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. इतर अनुदानित शाळांत तिचे काम २०१२च्या दुरुस्तीने सल्ल्यापुरतेच राहिले आहे. आपल्या अल्पसंख्याक शाळांत त्या निर्णयानंतर तिचे बंधनच उरले नाही. म्हणजे आपल्याला स्वातंत्र्य अधिक मिळाले, आणि आतून विचारणारी एक जागा रिकामी झाली. ती भरायची की नाही हे विश्वस्तांनी ठरवायचे आहे. त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. येत्या वार्षिक सभेत लेखापरीक्षकाचा अहवाल मराठीत छापून पालकांच्या हाती द्यावा आणि मंडळात दोन पालक घ्यावेत, एवढा ठराव कोणत्याही मंडळाला करता येतो.