सर, आवाज येतोय का?

मित्रांनो, "सर, आवाज येतोय का?" हे आपल्या पिढीचं राष्ट्रीय वाक्य म्हणून जाहीर करायला हरकत नाही. मार्च २०२० मध्ये मी दहावीची परीक्षा देत होतो. भूगोलाचा पेपर रद्द झाला, आम्ही नाचलो आणि पुढचं अख्खं अकरावीचं वर्ष नेरुळच्या वन-रूम-किचनमध्ये ओट्याशेजारी बसून काढलं. कुकरची शिट्टी झाली की म्यूट, आई ओरडली की म्यूट. कॅमेरा तर कायमचाच बंद.

त्या वर्षीचा एक प्रसंग अजून टोचतो. एकदा आमचे सर बराच वेळ स्वतःच म्यूटवर राहून शिकवत होते. नव्वद मुलं जॉइन होती आणि एकानेही सांगितलं नाही. कारण साधं होतं, स्क्रीनच्या पलीकडे कुणी नव्हतंच! मी पण नव्हतो, अंथरुणात होतो. तेव्हा त्याचा जोक झाला होता.

हा जोक माझ्यावर उलटला तो गेल्या वर्षी. महाडला माझी आत्या राहते. तिची मुलगी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे आणि तिचं गणिताशी वाकडं. "दादा इंजिनियरिंगला आहे ना, तो शिकवेल" असं घरात परस्पर ठरलं. दर रविवारी रात्री नऊ वाजता व्हिडिओ कॉल. मी छान स्लाइड्स केल्या, तास-तासभर बोललो. "समजलं का?" विचारलं की ती "हो दादा" म्हणायची. युनिट टेस्टला २० पैकी ५ मिळाले. विचारलं तर म्हणाली, "दादा, मला काहीच कळत नव्हतं. पण तू इतकं मनापासून शिकवत होतास की सांगायला कसंतरीच वाटलं." आणि हळूच पुढे म्हणाली, "डिप्लोमा सोडूनच देते."

आता मात्र झोप उडाली. म्हटलं, आपण इंजिनियर ना, मशीन बंद पडलं तर आधी फॉल्ट शोधायचा. मग वाचायला लागलो. सापडलेले फॉल्ट असे.

पहिला फॉल्ट वेळेचा. समोरासमोर बोलताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी सेकंदाचा पाचवा भाग, म्हणजे साधारण २०० मिलिसेकंद जातात. जगातल्या दहा भाषांवर २००९ साली अभ्यास झाला, त्यात हे दिसलं. आता आपलं गणित करा. शिक्षणासाठी इस्रोने २००४ साली एज्युसॅट उपग्रह सोडला. तो सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर होता. आवाज वर जाऊन खाली यायचा म्हणजे ७२,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानेसुद्धा पाव सेकंद गेला आणि उत्तर परत यायला आणखी पाव. इंटरनेटवर अंतर कमी असतं, पण आवाजाचे पॅकेट करणं, रांगेत थांबणं, पुन्हा जोडणं यात वेळ जातोच. टेलिफोनचं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं की एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवावा. तो वाढला की दोघं एकदम बोलतात, मग दोघं एकदम गप्प होतात.

त्यात शिक्षकांची घाई. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेने १९७० च्या दशकात मोजलं, तर प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तरी मुलं जास्त आणि नीट बोलायला लागतात. ही झाली वर्गातली गोष्ट. ऑनलाइनमध्ये तर बिचाऱ्याला आधी अनम्यूटचं बटण शोधायचं असतं. म्हणून मी आता मनात दहा आकडे मोजतो. पहिले दोन रविवार ती शांतता अगदी खायला उठली होती.

दुसरा फॉल्ट नजरेचा. कॅमेरा स्क्रीनच्या वर असतो. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं की तिला वाटतं दादा खाली बघतोय. शिवाय आपलाच चेहरा सतत समोर. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलनसन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची कारणं मांडली, त्यात हेही आहे. अंगावर आलेले मोठे चेहरे, एका जागी खिळून बसणं आणि मान हलवण्यासारख्या खुणा मुद्दाम कराव्या लागणं ही बाकीची. यावर मी एक जुगाड केला. स्वतःचं चित्र लपवलं आणि मोबाइल दोन डब्यांवर आडवा ठेवून कॅमेरा वहीवर रोखला. तिला माझा चेहरा नाही, हात दिसतो. खाडाखोड दिसते, चुकल्यावर थांबलेलं पेन दिसतं. एडएक्सच्या व्हिडिओंवर २०१४ साली मोठा अभ्यास झाला. त्यातही दिसलं की नुसत्या स्लाइड्सपेक्षा हाताने लिहीत शिकवलेलं आणि सहा मिनिटांच्या आतलं मुलं जास्त बघतात. माझ्या सुंदर स्लाइड्स गेल्या कचऱ्यात.

तिसरा फॉल्ट सगळ्यात मोठा. मायकेल मूर नावाचे दूरशिक्षणाचे अभ्यासक म्हणतात की शिक्षणातलं अंतर मैलांत मोजायचं नसतं. संवाद किती आणि शिकणाऱ्यानुसार बदलायची तयारी किती, यावर ते ठरतं. म्हणजे शेवटच्या बाकावरचा मुलगासुद्धा दूर असू शकतो! आपल्या महाराष्ट्रात हे ओळखणारी माणसं आहेत. पवईच्या आयआयटीतले प्रा. दीपक फाटक यांनी देशभरातल्या इंजिनियरिंग शिक्षकांना थेट प्रक्षेपणातून शिकवलं. पण नुसतं लेक्चर सोडून दिलं नाही. ठिकठिकाणच्या कॉलेजांत केंद्रं होती, तिथल्या समन्वयकांना आधी तयार केलं होतं आणि ट्युटोरियल-प्रॅक्टिकल त्या केंद्रांवर, त्यांच्या देखरेखीखाली व्हायचं. लेक्चर दुरून, पण अडल्यावर हाताशी माणूस. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड लावले. त्यामागे कविता, गोष्टी, व्हिडिओ, गृहपाठ होते आणि कोणाला कुठे अडतंय ते पाहून ते मजकूर बदलत. २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळालं. दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटली. कोड काय, कुणीही छापेल. कुठल्या पोराचं घोडं कुठे अडलंय हे माहीत असणं महत्त्वाचं.

चौथा फॉल्ट भाषेचा. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात साधारण दहा मिनिटांचे धडे असतात. स्क्रीनवर सॉफ्टवेअर इंग्रजीतच, पण कानावर पडणारं बोलणं मराठीसह अनेक भारतीय भाषांत. मीही "पार्शल फ्रॅक्शन" हा शब्द तसाच ठेवला, पण समजावताना म्हटलं, "एकत्र केलेला हिशोब परत ज्याच्या-त्याच्या नावावर टाकायचा." आत्याचं किराणा दुकान आहे. पोरीला लगेच कळलं.

आता आमचा तास कसा असतो? पहिली पाच मिनिटं गणित नाही. सावित्रीला पाणी किती आलं, कॉलेजात काय झालं. मग सहा-सात मिनिटं मी, नंतर कॅमेरा तिच्या वहीवर आणि मी गप्प. "समजलं का?" या प्रश्नावर बंदी. त्याऐवजी "पुढची ओळ तू लिही." वर एक नियम: दर तासाला "हे नाही कळलं" असं एकदा तरी म्हणायचंच.

डिप्लोमा सोडायची भाषा बंद झालीय. गणित सुटलं, काठावर, पण सुटलं. आणि परवा मी रंगात येऊन बोलत असताना तिने मला मध्येच थांबवलं. "दादा, थांब. मागच्या ओळीपासून परत सांग." एवढा आनंद मला स्वतःच्या रिझल्टला झाला नव्हता.

म्हणून मित्रांनो, येत्या पावसाळ्यात पाणी तुंबून लोकल बंद पडेल, लेक्चर ऑनलाइन होईल आणि पलीकडून सर विचारतील, "आवाज येतोय का?" तेव्हा अंथरुणातून का होईना, एकाने तरी अनम्यूट करून "हो सर, येतोय" म्हणा. आणि येत नसेल तर तेही सांगा. मी अकरावीत सांगितलं नव्हतं.